‘बॉम्बे’च्या पाटीखालचा सिल्हेटी स्वयंपाक

वाचकांचे प्रश्न

परदेशी मुलांकडे जाऊन परतलेल्या वाचकांची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. या खेपेस त्यांतली बरीचशी लंडनमधल्या कोपऱ्यावरच्या भारतीय हॉटेलांविषयी निघाली, म्हणून ती एकत्रच घेतली आहेत. मी त्या शहरात अकरा वर्षे राहिलो आणि घरापासून चार मिनिटांवर असलेल्या अशाच एका हॉटेलात आठवड्यातून एकदा तरी जेवत आलो. त्यामुळे पहिले उत्तर जरा लांबले आहे, ते वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : मुलीकडे तीन महिने राहिलो असताना तिच्या घराजवळच्या, ‘बॉम्बे’ हे नाव मिरवणाऱ्या हॉटेलात आम्ही दोनदा जेवलो. ‘मद्रास’ म्हणून आलेल्या रश्श्यात ना कढीपत्ता होता ना नारळ, कोरमा बासुंदीच्या वळणावर गेलेला होता, विंदालूत बटाटे होते आणि या तिन्ही पदार्थांच्या तळाशी चव मात्र एकच लागत होती. मालक आणि वेटर आपसांत बंगालीसारखे काहीतरी बोलत होते. याला भारतीय जेवण म्हणायचे, की सरळ फसवणूक? (एक निवृत्त शिक्षिका, ठाणे)

उत्तर : बाई, आपली जीभ अचूक आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. तिन्ही पदार्थांच्या तळाशी एकच चव लागली, याचे कारण त्यांच्या तळाशी खरोखरच एकच पातेले असते. आणि आपसांतली ती बोली सिल्हेटी असणार, कारण ब्रिटनमधल्या गल्लोगल्लीच्या ‘इंडियन’ हॉटेलांपैकी बहुसंख्य हॉटेले आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेट भागातून आलेल्या कुटुंबांनी उभी केली.

सिल्हेट हा जिल्हा फाळणीपूर्वी आसाम प्रांतात होता आणि जुलै १९४७ मधल्या सार्वमतानंतर त्याचा बहुतेक भाग पूर्व पाकिस्तानात गेला. तिथले शेतकऱ्यांचे मुलगे कलकत्त्याच्या गोदीतून ब्रिटिश आगबोटींवर चढत, आणि त्यांच्या वाट्याला बहुधा बॉयलरमध्ये कोळसा लोटण्याचे किंवा भटारखान्यातले काम येई. त्यांतले काही जण लंडनच्या बंदरात उतरले ते परत बोटीवर गेलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर बाँबहल्ल्यांत मोडकळीला आलेल्या खाणावळी स्वस्तात मिळत होत्या. यांनी त्या घेतल्या, तळलेले मासे आणि बटाट्याच्या फोडी हा गिऱ्हाइकांचा ठरलेला खुराक चालू ठेवला आणि त्याच्याच शेजारी रस्सा-भात मांडला. पब रात्री अकराच्या सुमारास बंद होत. त्यानंतरही ही हॉटेले उघडी असत, आणि पबातून बाहेर पडलेला भुकेला माणूस यांच्या दारात येई. त्याला सिल्हेट कुठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बॉम्बे, ताजमहाल आणि कोहिनूर ही नावे मात्र ठाऊक होती. पाटीवर तीच आली. १९७१ साली बांगलादेश जन्माला आला तेव्हाही धंदा बसलेल्या पाट्या कोणी उतरवल्या नाहीत.

आता त्या पातेल्याकडे येतो. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलमालकांनी एकदा दुपारी, हॉटेल उघडायच्या आधी, मला स्वयंपाकघरात नेले होते. गुडघ्याच्या वर येईल एवढ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कांद्याच्या जाड फोडी, थोडे गाजर, ढबू मिरची, टोमॅटो, आले-लसूण, हळद आणि सढळ हाताने तेल असे सारे पाण्यात उकळत होते. आपल्याकडे कांदा आधी परततात. इथे तो उकडतात, आणि त्याचा उग्र वास पूर्ण जाईपर्यंत दोन-दोन तास उकडतात. मग त्यात विजेवर चालणारी, वल्ह्याएवढी रवी घालून त्याचे पिठल्याहून पातळ, पिवळसर सूप करतात. हीच ‘बेस ग्रेव्ही’. नुसती चाखली तर ती गोडसर, मवाळ आणि जवळजवळ निर्गुण लागते. कोंबडीचे आणि मटणाचे तुकडे वेगळे शिजवून ठेवलेले असतात.

संध्याकाळी ऑर्डर आली की आचारी पसरट पॅन मोठ्या जाळावर ठेवतो, तेलात आले-लसणाचे वाटण, चमचाभर मिश्र मसाला आणि टोमॅटोचा दाट गर टाकतो व पळीभर ग्रेव्ही ओततो. ती चर्रकन उसळते, पॅनच्या कडांना चिकटते, तपकिरी होऊ लागते. त्या कडा तो पळीच्या पाठीने खरवडून पुन्हा रश्श्यात ओढतो आणि दुसरी पळी ओततो. चवीचे सारे मर्म त्या खरवडण्यात आहे. सात-आठ मिनिटांत एक रस्सा तयार होतो, आणि पुढच्या पॅनमध्ये मसाल्याचे प्रमाण बदलले की त्याचे नावही बदलते. साय, नारळाची पूड, बदामाची पूड आणि साखर घातली की कोरमा. तिखट वाढवून टोमॅटो आणि लिंबाचा आंबटपणा आणला की मद्रास. शिजलेली डाळ मिसळली की धनसाक, ज्यात काही ठिकाणी अननसाच्या फोडीही पडतात. पारशी गृहिणीने त्या पाहिल्या तर काय होईल, हे मी इथे लिहीत नाही.

थोडक्यात, ही नावे प्रांतांची राहिलेली नाहीत, ती तिखटाच्या पायऱ्यांची झाली आहेत. कोरमा ही सर्वांत खालची पायरी, मद्रास मधली, विंदालू त्याच्या वरची आणि फाल ही शूरांची. विंदालूतल्या बटाट्याची गोष्ट तर गमतीची आहे. मूळ शब्द पोर्तुगीज ‘विन्या द आल्युश’, म्हणजे मद्य आणि लसूण; गोव्यात मद्याची जागा व्हिनेगरने घेतली आणि त्यात बहुधा डुकराचे मांस मुरवले गेले. त्या नावातल्या शेवटच्या भागाला कुणाच्या तरी कानाने ‘आलू’ मानले आणि बटाटा जो आत शिरला तो आजतागायत बाहेर आलेला नाही.

फसवणुकीचा आरोप करण्यापूर्वी आपण आपल्या घराजवळचे एखादे ‘पंजाबी-चायनीज-साउथ इंडियन’ हॉटेलही आठवून पाहावे, अशी माझी विनंती आहे. तिथल्या आचाऱ्यापाशीही लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन ग्रेव्ह्या दुपारीच तयार असतात आणि मेनूकार्डावरच्या पन्नासेक भाज्या त्यांतूनच निघतात. व्हेज कोल्हापुरी नावाचा लालभडक पदार्थ कोल्हापुरातल्या कुठल्या घरी शिजतो, हे मला अजून कोणी दाखवलेले नाही. लंडनच्या त्या हॉटेलातला स्वयंपाक आपल्या स्वयंपाकाची बिघडलेली नक्कल नाही. सिल्हेटी हात, इंग्रजी जीभ आणि दहा मिनिटांत ताट समोर आणण्याची निकड या तिघांनी मिळून बनवलेला तो वेगळाच स्वयंपाक आहे. त्याच्याकडे आईच्या हातची चव मागितली तर तो नापास होणारच.

खरी बंगाली चव त्याच स्वयंपाकघरात असते, फक्त ती मेनूकार्डावर नसते. रात्री हॉटेल बंद झाल्यावर कामगार स्वतःसाठी माशाचे कालवण किंवा सातकोरा या जाड सालीच्या, कडवट वासाच्या लिंबाच्या फोडी घातलेले मटण करतात. ओळख झाल्यावर मी एकदा ते मागितले, तेव्हा मालकांनी आधी “तुम्हाला काटे निघतील” असे सांगून टाळले आणि पुढच्या मंगळवारी, गर्दी नसताना, न सांगता वाटी आणून ठेवली.

प्रश्न : आम्ही चौघे गेलो, चौघांनी चार रस्से मागवले, तरी सोबत भात किंवा पोळी आली नाही. ते वेगळे मागवावे लागले आणि शेवटी निम्मे अन्न उरले. शिवाय न मागता पापड आणि चटण्या आल्या व त्यांचेही पैसे लागले. अशा ठिकाणी मागवावे तरी कसे? (पुणे)

उत्तर : आपली चूक आकड्यात झाली. इंग्रज गिऱ्हाईक प्रत्येकी एक रस्सा घेते आणि तो आपला आपण संपवते. म्हणून वाटी मोठी असते. आपल्यासारखे वाटून खाणाऱ्या चौघांना दोन रस्से, एक तडका डाळ, एखादी कोरडी भाजी, दोन भात आणि दोन-तीन नान पुरतात. भाज्यांच्या वाट्या ‘साइड डिश’ या सदरात अर्ध्या मापाने मिळतात, आणि जाणकार गिऱ्हाईक आधी ते पान उघडते. एक नान वर्तमानपत्राच्या पानाएवढा असू शकतो, हे शेजारच्या टेबलाकडे पाहून आधीच ताडावे.

पापडाचे म्हणाल तर तिथे तो जेवणाआधी येतो आणि त्याच्यासोबत चार खणांचे तबक येते : आंब्याची गोड चटणी, लिंबाचे लोणचे, चिरलेला कांदा आणि पुदिन्याचे पातळ दही. पापड नगावर मोजतात आणि तबकाचे काही ठिकाणी माणशी पैसे लावतात. नको असल्यास बसतानाच सांगावे. एक तुकडा मोडल्यावर तक्रारीला अर्थ राहत नाही.

काय मागवावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ज्या पदार्थाला बेस ग्रेव्ही कमी लागते तो तिथे सर्वांत चांगला होतो. तंदुरातून निघणारे पदार्थ घ्यावेत. भुना घ्यावा, कारण त्यात रस्सा आटवून मसाला मांसाला लपेटतात. कढई नावाचा पदार्थही बरा. कोरमा मुलांसाठी ठेवावा. तिखटाविषयी बोलताना नुसते ‘स्पायसी’ म्हणू नये, कारण आपला चेहरा पाहून वेटर ते हसण्यावारी नेतो किंवा उलट हिरव्या मिरच्यांची मूठ टाकायला सांगतो. “आम्हाला घरी खाता तसे, कमी तेलाचे आणि साखर न घातलेले करून द्या,” असे हिंदीत सांगावे. हिंदी बहुतेकांना कळते, आणि मंगळवार-बुधवारसारख्या निवांत दिवशी आचारी ते आनंदाने करतो. शनिवारी रात्री अशी विनंती करणे हे आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत वाढप्याला गरम फुलका मागण्यासारखे आहे. उरलेले अन्न डब्यात बांधून देण्यास कोणी नाही म्हणत नाही, आणि तो रस्सा दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो.

प्रश्न : आम्ही दोघे शुद्ध शाकाहारी आहोत आणि जावयांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. अशा हॉटेलात जाणे सुरक्षित आहे का? (नाशिक)

उत्तर : हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दुसरा जिवाशी संबंधित आहे, म्हणून तो आधी घेतो. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१४ पासून प्रत्येक खाद्यविक्रेत्याला १४ ठरावीक ॲलर्जीकारक घटकांबद्दल गिऱ्हाइकाला माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या यादीत शेंगदाणे आणि बदाम-काजूसारखा सुकामेवा हे दोन वेगळे घटक आहेत. दूध, तीळ, गहू आहेत, आणि आपली फोडणीची मोहरीसुद्धा आहे. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनी हिंगाविषयीही विचारावे, कारण डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

धोका मुख्यतः बदामाच्या पुडीत असतो. ती महाग असते आणि तिच्या जागी स्वस्त शेंगदाण्याची भुकटी वापरण्याचा मोह काही जणांना होतो. उत्तर इंग्लंडमधल्या एका हॉटेलमालकाने हेच केले. आपल्याला दाणे-सुकामेवा चालत नाही असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचा रस्सा खाऊन जीव गेला आणि २०१६ साली न्यायालयाने त्या मालकाला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची कैद सुनावली. त्यानंतर हा विषय सगळे गांभीर्याने घेतात. तरीही जावयांनी प्रत्येक वेळी, ओळखीच्या हॉटेलातसुद्धा, ऑर्डर देण्यापूर्वी सांगावे, आणि वेटर घुटमळला तर आचाऱ्याला विचारून यायला सांगावे. उत्तर ठाम आले नाही तर उठून बाहेर पडावे. तिथे संकोचाला जागा नाही. कोरमा, पसंदा आणि टिक्का मसाला हे तीन पदार्थ त्यांनी टाळलेलेच बरे.

शाकाहाराचे म्हणाल तर बेस ग्रेव्ही बहुधा भाज्यांचीच असते, मात्र काही आचारी तीत कोंबडी शिजवलेले पाणी घालतात, म्हणून विचारल्याशिवाय गृहीत धरू नये. शिवाय पळी एकच असते, नान आणि कबाब एकाच तंदुरात भाजले जातात आणि कांदाभजी ज्या तेलात तळतात त्यातच मटणाचे समोसेही तळले जाऊ शकतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी यूस्टन स्थानकामागच्या ड्रमंड स्ट्रीटवर किंवा वेम्बलीच्या ईलिंग रोडवर जावे. तिथे पूर्ण शाकाहारी हॉटेले आहेत, आणि भेळपुरी, डोसा वा गुजराती फरसाण खाताना पळीची चौकशी करावी लागत नाही.

प्रश्न : बिलात साडेबारा टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ लावलेला होता. तो द्यावाच लागतो का? आणि पाण्याची बाटलीही आम्हाला विकत घ्यावी लागली. (सोलापूर)

उत्तर : ज्या सर्व्हिस चार्जपुढे ‘ऐच्छिक’ या अर्थाचा शब्द छापलेला असतो, तो आपण काढायला सांगू शकता. पण सेवा बरी असेल तर तो देऊन मोकळे व्हावे, आणि एकदा तो दिला की टेबलावर वेगळी टिप ठेवण्याची गरज नाही. मी पहिल्या वर्षी दोन्ही देत असे, आणि मला कोणी थांबवले नाही. हे पैसे कामगारांना मिळतात की मालक ठेवून घेतो, ही शंका पूर्वी रास्त होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून मात्र तिथे नवा कायदा लागू झाला असून टिप आणि सर्व्हिस चार्जची सारी रक्कम मालकाने कामगारांत न्याय्य रीतीने वाटली पाहिजे. कर वगळता त्यातून काही कापता येत नाही. २० टक्के मूल्यवर्धित कर मेनूकार्डावरच्या किमतीत आधीच धरलेला असतो, त्यामुळे आपल्याकडच्या जीएसटीसारखा तो शेवटी वाढून येत नाही.

पाण्याबद्दल आपण फक्त ‘वॉटर’ म्हणालात, म्हणून बाटली आली. ‘टॅप वॉटर’ म्हणावे. इंग्लंडमध्ये मद्यविक्रीचा परवाना असलेल्या ठिकाणी गिऱ्हाइकाने मागितल्यास पिण्याचे नळाचे पाणी फुकट द्यावेच लागते, आणि ते पाणी निर्धास्त प्यावे.

प्रश्न : चिकन टिक्का मसाला हा पदार्थ इंग्रजांनी शोधला, हे खरे आहे का? आणि लंडनमधले पहिले भारतीय हॉटेल कुठले? (नागपूर)

उत्तर : टिक्का मसाल्याबद्दल ग्लासगोच्या एका हॉटेलाचा दावा प्रसिद्ध आहे : कोंबडी कोरडी आहे अशी गिऱ्हाइकाने तक्रार केली आणि आचाऱ्याने तीवर टोमॅटोचा रस्सा ओतला. दिल्लीकर ‘बटर चिकन तर आमचेच’ म्हणून हसतात. परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी २००१ साली एका भाषणात या पदार्थाला ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटले, तेव्हापासून वाद अधिकच रंगला.

पहिल्या हॉटेलाविषयी मात्र वाद नाही. पाटण्यात जन्मलेल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नोकरी केलेल्या दीन महंमद यांनी १८१० साली पोर्टमन स्क्वेअरजवळच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढले. तिथे वेताच्या खुर्च्या होत्या आणि जेवणानंतर हुक्का मिळे. हिंदुस्थानातून परतलेले साहेबलोक येतील अशी त्यांची अटकळ होती. पण ते साहेब घरीच खानसामे ठेवून होते, आणि १८१२ साली महंमद दिवाळखोर झाले. पुढे ब्रायटनला त्यांनी चंपीचे स्नानगृह काढले आणि त्यात मात्र एवढे नाव कमावले की चौथ्या जॉर्ज राजाने त्यांना आपल्या पदरी घेतले. इंग्रजीतला ‘शाम्पू’ हा शब्द आपल्या ‘चांपणे’च्याच कुळातला आहे.

प्रश्न : मुलाच्या घराजवळचे तीस वर्षांचे भारतीय हॉटेल यंदा बंद झाले. गर्दी तर चांगली असे. मग असे का व्हावे? (सातारा)

उत्तर : त्या विशिष्ट हॉटेलाचे मी सांगू शकत नाही, पण सर्वसाधारण कारण गिऱ्हाइकांत नसून स्वयंपाकघरात आहे. तंदुरापाशी रात्री अकरापर्यंत उभा राहणारा आचारी मिळत नाही. बाहेरून आणावा, तर कुशल कामगाराच्या व्हिसासाठी लागणाऱ्या वार्षिक पगाराची सर्वसाधारण अट एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून थेट ३८,७०० पौंडांवर गेली, पुढे ती आणखी वाढली, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलाला तेवढा पगार परवडत नाही. भाडे, गॅस आणि तेल यांचे भाव वेगळेच.

आणि घरातली पुढची पिढी त्या पातेल्यापाशी उभी राहायला तयार नाही. खरे तर आईबापांचीच तशी इच्छा नसते. आमच्या हॉटेलमालकांची थोरली मुलगी फार्मासिस्ट झाली आणि धाकटा बँकेत लागला. दोघांनाही कांदा चिरता येतो, पण तो चिरावा लागू नये म्हणूनच एवढे शिकवले, असे ते मला म्हणाले होते. शनिवारी रात्री मात्र पार्सलच्या ऑर्डरी फोनवर लिहून घ्यायला ती मुलगीच काउंटरमागे बसलेली असे, आणि गिऱ्हाइकाने खोकल्याचे औषध विचारले तर तेही सांगत असे.